दोन ठोके

माझ्या लेकीच्या वाट्याला त्या तुकड्यात दोन ठोके आले होते. दोनच. आणि त्या दोन ठोक्यांपायी तिने डिसेंबरपासून मेपर्यंत आमच्या जेवणाच्या टेबलाची एक कड पार कुरतडून टाकली.

तुकडा बेस ड्रमचा, अमेरिकेतल्या तिच्या ड्रम कोर नावाच्या वाद्यपथकातला. पाच ड्रम, पाच पोरं, प्रत्येकाचं माप वेगळं. पहिला अठरा इंचांचा, मग वाढत वाढत शेवटचा तीस-बत्तीस इंचांचा, म्हणजे लग्नघरात पुऱ्यांची कणीक मळायला परात आणतात तेवढा. ड्रम पोटावर आडवा बांधलेला, पानं डाव्या-उजव्या अंगाला, पाचांचे सूर वरून खाली उतरत गेलेले. आता समजा, तबल्यावर 'तिरकिट' वाजवायचंय. आपल्याकडे एक माणूस ते दोन हातांत वाजवतो. इथे 'ति' पहिल्याने वाजवायचा, 'र' दुसऱ्याने, 'कि' तिसऱ्याने, 'ट' चौथ्याने, आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच हात फिरल्यासारखं वाटलं पाहिजे. माझी लेक दुसरा ड्रम. म्हणजे 'र'. घरी एकटीच सराव करताना ती लयीची टिकटिक देणारा मेट्रोनोम लावून बराच वेळ नुसती गप्प बसायची आणि मधेच दोन ठोके मारायची. ठक-ठक. पुन्हा गप्प. सासूबाई उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, दारावर कुणीतरी आलंय.

मी कॉलेजात असताना पुण्यात एका ढोल-ताशा पथकात होते. आधी ढोल, मग दोन वर्षं ताशा. त्यामुळे पोरीने ड्रम धरला तेव्हा मला आनंदच झाला. वाटलं, घराण्याचं काहीतरी पुढे चाललं. पण पथकातला ढोल म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच ठोका. साठ ढोलांत एखाद्याचं टिपरू चुकलं तर गणपतीलासुद्धा कळत नाही. शिवाय तो ठोका तुमच्या एकट्याचाही पूर्ण असतो, घरी गच्चीवर वाजवलात तरी तोच. इथे एकटीचं काहीच नाही. चार जण नसतील तर तुम्ही म्हणजे शब्दातून गळून पडलेलं एक अक्षर.

ड्रम कोर म्हणजे काय, हे पुण्यातल्या बहिणीला फोनवर समजावताना माझी दरवेळी दमछाक होते. (लिहिताना शेवटी पी आणि एस लावतात, बोलताना दोन्ही गिळतात, उरतो तो 'कोर'.) "म्हणजे बँडपथकच ना?" ती विचारते. बँडपथकच म्हण, पण बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असलं काही नाही. फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारं कलर गार्ड. दीडशेच्या वर पोरं, सगळी एकविशी-बाविशीच्या आतली. उन्हाळाभर बसमधून देशभर फिरायचं, रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम. सगळा उन्हाळा तोच एक. वाजवायचं, चालायचं, धावायचं, नाचायचं, आणि हे करता करता मैदानावर आकृत्या करायच्या आणि मोडायच्या. यासाठी पैसे कुणी देत नाही. उलट आपणच भरायचे, तेही हजारो डॉलर. बहीण इथे हटकून गप्प होते.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चनी गावातल्या पोरांसाठी बिगुल-ढोलाची पथकं काढली, त्यांच्यातून हे वाढत आलं. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी ड्रम कोर इंटरनॅशनलची, म्हणजे डीसीआयची, पहिली अंतिम स्पर्धा झाली. २००९ पासून ती आमच्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. ऑगस्टचा दुसरा शनिवार. त्या आठवड्यात शहरातल्या कुठल्याही पार्किंगच्या जागेत जा, पोरं गोल करून वाजवत असतात आणि भोवती माणसं डोळे मिटून उभी असतात. आणि वाजवणं थांबलं की ती माणसं भांडायला लागतात.

भांडण गेली निदान चाळीस वर्षं एकच आहे. कठीण कोणाचं आणि सुंदर कोणाचं?

गुणपत्रिकेने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलाय. शंभरातले चाळीस एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. शिवाय जवळजवळ प्रत्येक परीक्षकाच्या कागदाचे दोन भाग असतात. काय सादर केलं, आणि कसं सादर केलं. कठीणपणा पहिल्या भागात बसतो. पण जे नीट वाजलंच नाही, ते कठीण होतं म्हणून गुण मागता येत नाहीत. कागदावर हे फार शहाणपणाचं वाटतं. मैदानात मात्र परीक्षक बोलत बोलत रेकॉर्डिंग करत असतो, समोरून दीडशे पोरं चार दिशांना पळत असतात, आणि शेवटी आकडा येतो तो दशांशाच्याही पुढे जाऊन. २००८ साली इलिनॉयच्या फँटम रेजिमेंटने स्पार्टाकसच्या बंडाची गोष्ट मांडून कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सना हरवलं ते ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं. शंभरात पाव दशांश. आमच्या पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही म्हणून तो कुणालाच दिला नव्हता, आणि केवढा गहजब झाला होता. त्या आकड्यापेक्षा मला तो निर्णय कमी विचित्र वाटतो.

या भांडणाचा सगळ्यात जुना व्रण १९९३ चा. मी तेव्हा पुण्यात शाळेत होते, पण इथल्या जुन्या रसिकांबरोबर दहा मिनिटं बसलं की ती गोष्ट निघतेच. स्टार ऑफ इंडियाना नावाचं पथक, ब्लूमिंग्टनचं, म्हणजे आमच्याकडून तासाभराच्या अंतरावरचं. १९९१ साली विजेते. १९९३ ला त्यांनी सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक यांचं संगीत घेतलं. मीडिया नावाच्या बाईची ग्रीक शोकांतिका, स्वतःची मुलं मारणारी आई. गोडवा नाही, ओळखीची धून नाही, टाळ्यांसाठी मोकळी सोडलेली जागा नाही. मैदानावर पोरं वाद्यं बाजूला करून नुसत्या शरीराने झुकायची, कोन करायची. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. वीस वर्षांच्या पोरांची हुर्यो! मिसिसिपीतल्या जॅक्सनला अंतिम फेरीत ते ९७.३ वर थांबले, कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटीला ९७.४ मिळाले, आणि स्टार स्पर्धेतूनच बाहेर पडलं. पुढे त्याच मंडळींनी 'ब्लास्ट!' नावाचा रंगमंचावरचा प्रयोग उभा केला. तो लंडनला गेला, ब्रॉडवेवर गेला, २००१ साली त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आज ज्याला त्याला १९९३ चं स्टार आवडलेलं असतं. हुर्यो कोणी केली होती, ते मात्र कुणालाच आठवत नाही.

मी त्याचं चित्रीकरण तीनदा पाहिलं. पहिल्यांदा कंटाळले, हे खरं सांगते. दुसऱ्यांदा लेकीने शेजारी बसून सांगितलं, "आई, आता पाय बघ." मग पाय पाहिले.

तर या भांडणात मी कशी सापडले, ती गोष्ट. लेकीच्या त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको आठवडाभराची रजा काढून तिच्या पथकाच्या किचन ट्रकवर गेलो होतो. प्रत्येक पथकाबरोबर असा एक लांबलचक ट्रक असतो, आत शेगड्या, फ्रीज, बाहेर उघडणारी फळी. दिवसाला चार जेवणं, दोनशेच्या वर माणसं, राबायला पालक. मी कलिंगडं कापली. आठवड्यात किती, याचा हिशेब ठेवला नाही, पण परत आल्यावर महिनाभर घरात कलिंगड आणू दिलं नाही. एक दिवस धीर करून मसालेभात केला. पोरं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली, तेव्हा मला माझ्या ताशाला कधी मिळाली नव्हती तशी दाद मिळाली.

ट्रकच्या फळीतून तालीम दिसायची. वरून, स्टेडियममधून जे दिसतं त्याहून हे अगदीच वेगळं. वरून आकृती दिसते. इथे घाम दिसतो, गुडघ्याला बांधलेला बर्फ दिसतो, आणि एकच आठ मात्रांचा तुकडा पाऊण तास चाललेला दिसतो. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचं. लेक आता कॉस्टकोच्या दुकानातसुद्धा तशीच चालते. बेस ड्रमवाल्यांना तर बऱ्याचदा तोंड समोर ठेवून आडवं सरकावं लागतं, पायांत पाय घालत. त्याला तिकडे खेकडाचालच म्हणतात. लाउडस्पीकरवर मेट्रोनोमची टिकटिक सतत चालू, आणि ती थांबली की शिक्षकाचा आवाज: "वन मोअर टाइम." एकदाच, शेवटचं. पोरं हसायची, कारण शेवटचं म्हटल्यावर अजून सात-आठ वेळा तरी होणार, हे आम्हा कलिंगडवाल्यांनाही दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

मैदान मोठं असल्यामुळे एक फार गमतीची अडचण होते, आणि ती प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन वादक तीस मीटर लांब असले तर एकाचा ठोका दुसऱ्याला सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. उशीर क्षुल्लक वाटतो ना? मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत चौगुन, म्हणजे मात्रेला चार अक्षरं, वाजवत असाल तर एक अक्षर साधारण तेवढ्याच वेळाचं असतं. म्हणजे तुम्ही कानावर भरवसा ठेवून वाजवलंत तर बरोबर एका अक्षराने मागे. म्हणून मागे उभ्या असलेल्यांनी पुढचा आवाज ऐकायचा नाही, फक्त ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून ताल देणाऱ्याच्या, हातांकडे बघायचं; आणि पुढे झायलोफोन, मरिम्बा घेऊन उभ्या असलेल्यांनी उलट हातांकडे न बघता मागून येणाऱ्या ड्रमवर बसायचं. कानाचं ऐकू नकोस, हे वाजवणाऱ्याला शिकवायचं! लक्ष्मी रोडवर आमच्या पथकाचं शेपूट नेहमी का घसरायचं आणि पथकप्रमुख हात उंचावून शिव्या का घालायचा, हे मला वीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, कलिंगड कापताना कळलं.

अटलांटाची स्पर्धा झाली होती. संध्याकाळी तालीम संपल्यावर तालवाद्यांच्या शिक्षकाने पाचही बेस ड्रमवाल्यांना गवतावर बसवलं. मला लांबून नुसती त्याची पेन्सिल हलताना दिसली. जेवणाच्या रांगेत लेक फळीपाशी आली, ताट पुढे केलं, आणि म्हणाली, "आई, माझे दोन्ही काढले."

त्या तुकड्यात दुसरा आणि चौथा ड्रम आता गप्प राहणार होते. उरलेल्या तिघांत ओळ सोपी करून वाटली होती. कारण साधं होतं: ती ओळ जुलै संपत आला तरी एकसंध येत नव्हती. येताना पाच वेगवेगळी माणसं ऐकू यायची. परीक्षक ड्रमपासून दहा पावलांवर उभा राहतो, त्याला हे लपत नाही. हंगामाच्या शेवटी सगळीच पथकं असं थोडंफार करतात. इथले रसिक त्याला पाणी घालणं म्हणतात, अगदी आपल्यासारखंच.

मला राग आला. शिक्षकाचा नाही, तो बिचारा पोरांएवढाच काळवंडलेला होता. राग त्या हिशेबाचा आला. सहा महिने टेबल कुरतडल्यावर सांगायचं की हे अवघड आहे, सोडून द्या? माझं पथकातलं रक्त उसळलं. नवरा शांतपणे कांदा चिरत म्हणाला, "अगं, मशीनमध्ये खडखड करणारा पार्ट काढलाय त्यांनी, बास." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

दोन-तीन दिवसांनी ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया. भांडी घासून आम्ही स्टेडियममध्ये जाऊन बसलो. माझ्या शेजारी एक आजोबा होते, टोपीवर पिनांची गर्दी, सत्तरच्या दशकात कुठल्याशा पथकात स्नेअर ड्रम वाजवलेले. मागच्या रांगेत एक तरुण मुलगी, शाळेत बँड शिकवणारी. दोघांची जुंपलेलीच होती, मी मधे सापडले.

आजोबांचं म्हणणं, हल्ली नाटकं झाली आहेत. रंगीत कपडे, मैदानभर उतरणी आणि घसरगुंड्या, माईक, सिंथेसायझर. "आमच्या वेळी परीक्षक मैदानात आमच्यामधून फिरायचा आणि चूक दिसली की टिक मारायचा. एक टिक म्हणजे एक दशांश गेला. तो पाठीमागे आला की मानेवर कळायचं." १९८४ च्या सुमाराला ही टिकची पद्धत गेली, आणि त्यांच्या मते तिथेच सगळं बिघडलं. "आता काय, पळायचं, थांबायचं, आणि थांबून मोठ्याने वाजवायचं." थांबून मोठ्याने वाजवण्याला इथले लोक 'पार्क अँड बार्क' म्हणतात. गाडी लावा आणि भुंका. मराठीत याला तोड सापडली तर मला कळवा.

ती मुलगी म्हणाली, "आजोबा, टिकच्या भीतीने तुम्ही लोकांनी किती गोष्टी करूनच बघितल्या नाहीत, ते सांगा ना." आणि तिने उदाहरणांची माळच लावली. १९८३ ते ८५ सलग तीन वर्षं जिंकलेलं गारफिल्ड कॅडेट्स आणि जॉर्ज झिंगालीने त्यांच्यासाठी आखलेल्या त्या सरपटणाऱ्या, मोडून पुन्हा जुळणाऱ्या आकृत्या. २०१३ चं कॅरोलायना क्राउन, फिलिप ग्लासचे ते न संपणारे स्वर धावता धावता वाजवणारं. आणि ओहायोच्या ब्लूकोट्सचं २०१४ चं 'टिल्ट', ज्यात सगळं पथक मिळून एक सूर असा खाली वाकवत नेतं की आपल्या पोटात खड्डा पडतो. "त्या वर्षी ते दुसरे आले," ती म्हणाली. "ब्लू डेव्हिल्सना ९९.६५० मिळाले, इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. पण लोकांना आठवतो तो वाकलेला सूर."

"तो कठीण होता का?" आजोबांनी विचारलं.

"कठीण कशाला असायला हवा?"

"मग स्पर्धा कशाला ठेवता?"

यावर ती थांबली. मीही मनात थांबले. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांवरही चिडायला होत होतं, कारण दोघंही 'कठीण' म्हणताना जे दिसतं तेच मोजत होते. पळणं दिसतं. बोटांची चपळाई दिसते. हवेत सात वेळा फिरून हातात येणारी रायफल दिसते. माझे वडील सवाई गंधर्वला जायचे तेव्हा तानेवर टाळी पडली की वैतागायचे. म्हणायचे, "अरे, आधीचा षड्ज ऐकलात का?" मी लहान होते, मला तानच आवडायची.

मग लेकीचं पथक आलं. मी हातातला पाण्याचा डबा इतका घट्ट धरला की झाकण उडालं. पाचव्या मिनिटाला ती जागा आली. पाचही बेस ड्रम खेकडाचालीने डावीकडे सरकत होते, तिघांनी ओळ वाजवली, ती वरपासून खालपर्यंत मोत्याच्या सरीसारखी सरळ उतरली. आजोबांनी माझ्या दंडावर थाप मारली. "हे! हे बघा! याला म्हणतात वाजवणं!" मागून ती मुलगी म्हणाली, "काय लिहिलंय हो ड्रमचं!" संध्याकाळभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते झालं होतं नेमकं पाणी घातलेल्या जागेवर.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? की इथे दोन ठोके होते, तुम्हाला माहीत नाही? त्या रात्री तालवाद्यांचे गुणही थोडे वाढले. शिक्षक बरोबर होता, नवराही बरोबर होता, आणि ते मला अजूनही नीट गिळता आलेलं नाही.

पण त्याच कार्यक्रमात पुढे एक जागा होती, ती सांगायलाच हवी. ड्रम सगळे गप्प, आणि पितळी वाद्यांची पोरं मैदानाच्या मध्यापासून मागे मागे, टाचा उचलून चवड्यांवर, हळूहळू सरकतात, एक मंद सुरावट वाजवत. बस, एवढंच. चाळीसेक सेकंद. ट्रकवरून मी ही चाळीस सेकंद बसवायला लागलेली अख्खी एक सकाळ पाहिली होती. ओठांशी वाद्य धरून मागे चालताना प्रत्येक पाऊल ओठाला धक्का देतं. मोठ्याने वाजवताना तो धक्का आवाजात विरघळतो. हळू, लांब स्वर लावला की प्रत्येक पाऊल त्या स्वरात उमटतं, शांत तळ्यात खडा पडल्यासारखं. ट्यूबावाल्या एका पोराच्या खांद्यावर पंधरा किलोच्या आसपास पितळ आणि त्याने स्वर हलू द्यायचा नाही. तो सकाळभर हलत होता. शिक्षिका त्याला ओरडली नाही, नुसती म्हणायची, "मला तुझे पाय ऐकू येतायत." बाराच्या सुमाराला एकदा ते पाय ऐकू आले नाहीत. पोरगा स्वतःच दचकला.

ॲलनटाउनला त्या जागेवर आमच्या पुढच्या रांगेतलं एक सगळं कुटुंब उठून पॉपकॉर्न आणायला गेलं. आजोबा टोपी काढून डोकं पुसत होते. त्या मुलीने मोबाइल पाहिला.

मला कुणाचा राग नाही आला. पाय ऐकू येत नव्हते, एवढंच माझ्या लक्षात आलं. म्हणजे त्या पोराने ते इतकं नीट केलं होतं की तिथे काही केलंय, हेच कुणाला कळलं नाही. या कामाची मजुरी ही अशी मिळते.

ऑगस्टात इंडियानापोलिसला उपांत्य फेरी. तिचं पथक पहिल्या बारात येणारं नव्हतं, त्यामुळे शुक्रवारचा तो कार्यक्रम शेवटचा. आम्ही वर, फार वर बसलो होतो, सासूबाईंना घेऊन. छताखाली आवाज घुमत होता. सासूबाईंनी माझी दुर्बीण घेतली आणि नातीवरून ती हलवलीच नाही. मी हट्टाने मागून घेतली ती बरोबर त्या जागेपुरती. ओळ उतरली, सरळ, स्वच्छ. दुसरा ड्रम गप्प होता. काठ्या पानापासून वितभर लांब, स्थिर. पण तिची हनुवटी दोनदा किंचित हलली. ठक-ठक.

घरी आल्यावर ती दोन दिवस झोपली. हातमोज्यांपुरते गोरे राहिलेले तिचे तळवे बघून सासूबाई हळहळत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि तिने ओट्यावरून चार वाट्या आणि एक पातेलं उचललं. वाट्यांत कमी-जास्त पाणी भरून सूर लावले. धाकट्याला पहिली वाटी, स्वतःला दुसरी, मला तिसरी, बाबाला चौथी. पातेलं आजीपुढे ठेवलं. "आजी, तू पाचवा ड्रम. आम्ही चौघं वाजवून झालो की शेवटी तू."

"म्हणजे समेवर," सासूबाई म्हणाल्या. त्या भजनी मंडळात पंचवीस वर्षं टाळ वाजवतात. "तुमचं मधलं तुम्ही बघा. समेवर मी येते."

जुनी ओळ होती ती, काढलेली, पाणी न घातलेली. आम्ही सुरू केलं. धाकटा आधीच घुसला, नवरा दरवेळी एका अक्षराने मागे, आणि मला, ताशा वाजवलेल्या बाईला, दोन ठोके कुठे ठेवायचे ते सापडेना. चमच्याचा आवाज नुसता एकावर एक सांडत होता. फक्त सासूबाईंचं पातेलं दरवेळी ठरल्या क्षणी दणकून वाजायचं. आधी काय घडलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"परत," लेक म्हणाली. परत केलं. पुन्हा सांडलं. वाट्यांतलं पाणी ओट्यावर आलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"आता एकदाच. शेवटचं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली, पण हसू तिला लपवता आलं नाही. मी गॅस बंद केला आणि वाटी पुढे ओढली.